दुखत नाही, फक्त सटकतो

ऑपरेशन थिएटरच्या यादीत त्या दिवशी पहिलं नाव कबड्डीतल्या एका रेडरचं होतं. वय २४, नायगावच्या मंडळाकडून खेळणारा, दिवसा कुरिअरची डिलिव्हरी. मी परळ भागातल्या एका सार्वजनिक रुग्णालयात अस्थिरोग विभागात आहे. कबड्डी, दहीहंडी आणि गल्लीतलं क्रिकेट यांनी आमची ओपीडी बारमाही भरलेली असते, त्यामुळे फाटलेलं लिगामेंट, म्हणजे हाडं एकमेकांना बांधून ठेवणारा पट्टा, ही माझ्यासाठी रोजची गोष्ट. हा मात्र गुडघा लॉक होऊन आला होता. आदल्या दिवशी मामाच्या खांद्याचा आधार घेत, लंगडी घालत. गुडघा तीसेक अंशांत वाकलेला, पुढे सरळच होईना.

"मॅचमध्ये झालं?"

"नाही मॅडम. खाली बसून बूट घालत होतो. उठायला गेलो तर अडकला."

मामांनी पिशवीतून एमआरआयच्या दोन फिल्म काढल्या. एक कालची, एक दीड वर्षापूर्वीची. जुनी फिल्म मी मुद्दाम आधी लावली. समोरचं क्रूसिएट लिगामेंट, म्हणजे एसीएल, पूर्ण तुटलेलं. बाहेरच्या बाजूला मांडीच्या आणि नडगीच्या हाडाला मुका मार. एसीएल तुटताना ही दोन हाडं एकमेकांवर आदळतात, त्याची ती नेहमीची खूण. पण मेनिस्कस, म्हणजे दोन हाडांमधल्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूच्या गाद्या, दोन्ही शाबूत. हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, म्हणजे कूर्चा, तीही धड. तेव्हा कोपरारक्षकाने त्याचा घोटा धरला होता, पाय मॅटवर रोवलेला राहिला आणि अंग वळलं. कट् आवाज, दोन तासांत गुडघा टम्म. इतक्या लवकर चढलेली सूज बहुतेक वेळा आत रक्त साचल्याची असते, आणि त्यातले बरेच गुडघे एसीएलचेच निघतात.

नव्या फिल्मवर आतली गादी उभी फाटून तिचा मोठा तुकडा सांध्याच्या मधोमध जाऊन बसला होता. गुडघा अडकायचं कारण तेच.

"मधल्या दीड वर्षात काय केलंस?"

सूज महिनाभरात उतरली, दुखणं गेलं, मग तो परत आलाच नाही. ऑपरेशन केलं की खेळ संपला असं मंडळात कुणीतरी सांगितलं होतं. नी कॅप चढवून तो मॅचेस खेळत राहिला. सराव सोडला, मॅचेस सोडल्या नाहीत. हे उलटं गणित मी खेळाडूंमध्ये सारखं पाहते. मांडी टेपने मोजली तर दुसऱ्या पायापेक्षा दोन सेंटीमीटर बारीक होती. वजनही बऱ्यापैकी वाढलेलं. दोन्ही दहीहंड्यांना खालच्या थरात उभा राहिला होता, हे मामांनी कौतुकाने सांगितलं.

"गुडघा सटकायचा का?"

"सटकायचा ना. आधी फक्त कट मारताना. मग जिना उतरतानाही. पण दुखायचा नाही मॅडम."

या उत्तरावर मला दरवेळी चिडायला होतं. पोरावर नाही, दुखणं थांबलं की गुडघा बरा झाला, या समजावर. एसीएलचं काम नडगीचं हाड पुढे सरकू न देणं आणि पीळ आवरणं. ते गेलं की पुढे सरकणाऱ्या हाडाला अडवायचं बरंचसं काम आतल्या गादीच्या मागच्या टोकावर येतं. घाटात बंद पडलेल्या ट्रकच्या चाकाखाली दगड लावतात, तसं. गुडघा सटकतो तेव्हा हे टोक दोन हाडांमध्ये चेंगरतं. पहिल्या दुखापतीच्या वेळी सोबत बाहेरची गादी फाटलेली जास्त दिसते. पुढे महिन्यामहिन्यांनी फाटत जाते ती आतली. म्हणून एसीएल तुटल्यावर सहा महिने, वर्ष, दोन वर्षं असा वेळ जातो, तसं गादी आणि कूर्चा खराब सापडण्याचं प्रमाण वाढत जातं. वजन, वाढतं वय, वळणावळणाचा खेळ चालू ठेवणं, नडगीच्या हाडाचा माथा जन्मतःच मागे जास्त उतरता असणं, या सगळ्यांचा त्यात वाटा असतो. तरी मी सगळ्यात आधी विचारते ते किती वेळा सटकला.

भूल दिल्यावर गुडघा तपासला. नडगी पुढे ओढली की कुठेच थांबत नव्हती. दुर्बीण आत घातली. एसीएलचं उरलेलं टोक मागच्या लिगामेंटला चिकटून पडलं होतं. बाहेरची बाजू अजून चांगली. आतल्या बाजूला मात्र मांडीच्या हाडावरच्या कूर्चेला खोल भेगा पडलेल्या, चारपैकी तिसऱ्या पायरीच्या. चोवीसाव्या वर्षी.

"मॅडम, शिवता येईल?" माझ्या रेसिडेंटने विचारलं. सगळ्यांनाच ते हवं असतं. गादीच्या बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो, तिथली ताजी फाट शिवली तर जुळते. हा तुकडा वारंवार चेंगरून चिंध्या झालेला, आडवाही फाटलेला. प्रोबने जागेवर ढकलला, गुडघा वाकवला की परत बाहेर. शेवटी काढावा लागला. गादीचा जेवढा भाग काढावा तेवढा भार थेट कूर्चेवर येतो, आणि तिची अवस्था आम्ही नुकतीच पाहिली होती.

बाहेर आले तर आमच्या सिस्टरची नणंद फिल्म घेऊन थांबली होती. शाळेत शिक्षिका, वय पंचेचाळीसच्या आसपास. तिचंही एसीएल पूर्ण तुटलेलं, तेही सहा वर्षांपूर्वी, आणि ऑपरेशन केलेलं नाही. नवा एमआरआय तिने निव्वळ धास्तीने काढला होता. दोन्ही गाद्या शाबूत. मला खरंच बरं वाटलं. तिने फिजिओथेरपिस्टने दिलेले व्यायाम वर्षभर न चुकता केले होते, बॅडमिंटन कायमचं सोडलं होतं, शिवाजी पार्कला फेऱ्या आणि पोहणं एवढंच ठेवलं होतं. गुडघा सटकला का विचारलं तर म्हणाली, "सुरुवातीला एकदा, बसमधून उतरताना. मग नाही."

एसीएल तुटलं की ऑपरेशन हवंच, असं मी म्हणूनच सांगत नाही. स्वीडनमध्ये १२१ तरुण रुग्णांवर झालेला कॅनॉन नावाचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्यांचं लवकर ऑपरेशन, उरलेल्यांना आधी नेटाचे व्यायाम आणि गरज पडली तरच नंतर ऑपरेशन. दोन वर्षांनी दोन्ही गट सारखेच बरे होते, आणि पाच वर्षांनीही दुसऱ्या गटातल्या जवळपास निम्म्यांना ऑपरेशन लागलं नव्हतं. पण ते लोक फिजिओच्या नजरेखाली होते; नी कॅप लावून चढाईला जात नव्हते. आणि ऑपरेशन केलं म्हणजे पुढची झीज टळलीच असंही नाही. एसीएल किंवा गादीच्या दुखापतीनंतर दहा ते वीस वर्षांत साधारण निम्म्या गुडघ्यांत संधिवात दिसतो.

दुपारी वॉर्डात मामा आणि मंडळाचे प्रशिक्षक दोघे होते. मी सांगितलं, आधी गुडघा पूर्ण सरळ होऊ दे, मांडी भरू दे, मग लिगामेंटचं ऑपरेशन.

"आणि खेळायचं कधी?" प्रशिक्षकांनी विचारलं.

"लिगामेंट केल्यावर निदान नऊ महिने. तेही दोन्ही मांड्यांची ताकद जवळपास सारखी झाली तर. आतली कूर्चा पाहता मी त्याला रेड मारू नकोच म्हणेन."

पोरगा छताकडे बघत होता. मामा गप्प. प्रशिक्षकांना मी विचारलं, "तुमच्याकडे अजून कुणाचा गुडघा सटकतो?"

त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली, तिसऱ्या बोटावर थांबले. "पण ते खेळतात मॅडम. दुखत नाही त्यांना."

"सोमवारी ओपीडीत पाठवा. फिल्म असेल तर घेऊन."

तिघांतले दोघे आले.