पिसवा कुत्र्यावर थोड्या, घरात फार

शेपटीच्या बुडाशी केस विरळ झालेले आणि आमची कुत्री चिंगी दिवसरात्र तिथेच चावत बसलेली. पिसवांचा संशय होताच, पण एकही नजरेला पडेना. मग बारीक दातांची फणी तिच्या कमरेवरून फिरवली आणि निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर झटकले. माती असती तर तशीच राहिली असती. इथे प्रत्येक कणाभोवती तांबूस डाग पसरत गेला. ती पिसवांची विष्ठा, म्हणजे चिंगीचंच पचलेलं रक्त.

डॉक्टरांनी तिचं वजन करून मानेवर सोडायचे थेंब दिले. केस बाजूला सारून थेट कातडीवर सोडायचे, आणि आधीचे-नंतरचे दोन दिवस आंघोळ बंद. जोडीला जंताचं औषधही दिलं, कारण अंग चावताना पिसू गिळली गेली तर तिच्यातून पट्टकृमी पोटात जातो. घरात मांजर आहे का, हे त्यांनी दोनदा विचारलं. कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, ते मांजराच्या जिवावर बेतू शकतं.

इथवर सगळं सोपं होतं. खरी लढाई घरात. पिसवाची मादी दिवसाला ४०-५० पर्यंत अंडी घालते आणि ती कुत्र्याच्या अंगावर टिकत नाहीत. कुत्रं जिथे लोळेल तिथे गळतात. अळ्या उजेड टाळतात, म्हणून सोफ्याच्या फटी आणि गालिच्याची खालची बाजू त्यांना फार आवडते. त्यानंतरचा कोष मात्र चिवट. त्याला धूळ-केस चिकटलेले असतात, फवारा आत पोचत नाही, आणि आतली पिसू महिनोन्‌महिने दबा धरून बसू शकते. पावलांचा हादरा आणि अंगाची ऊब जाणवली की बाहेर येते.

म्हणून चिंगीचं अंथरूण, उशांचे अभ्रे, सोफ्यावरची चादर, सगळं कडक गरम पाण्यात धुवायला लागले. व्हॅक्यूम तर रोजचाच. गाद्या उचलून, पलंगाखाली आडवं पडून, फटीफटीत नळी घालून. व्हॅक्यूमच्या हादऱ्याने कोष फुटतात, हा त्याचा जादा फायदा; बाहेर आलेल्या पिसवा ओढल्या जातात किंवा चिंगीवर उडी मारून औषधाने मरतात. पिशवी मात्र लगेच बांधून घराबाहेर टाकायची. फणीत सापडलेल्या पिसवा मी साबणाच्या पाण्यात बुडवायचे. नुसत्या पाण्यावर त्या तरंगतात, साबण असला की तळाला जातात. चिरडायच्या भानगडीत पडू नका, नखाखालून सुटतात.

मधल्या काळात लसूण खाऊ घाला, अमुक तेल चोळा, असे सल्ले भरपूर मिळाले. लसणाने कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींना इजा होते, आणि टी ट्री तेलही कुत्र्यांना विषारी ठरतं. दोन्ही सल्ले मी सरळ धुडकावले.

औषध घालूनही नव्या पिसवा दिसत राहतात तेव्हा धीर सुटतो आणि माणूस वेळेआधीच दुसरा डोस घालायला निघतो. त्या जुन्या कोषांतल्या असतात. कोषांचा साठा संपेपर्यंत हे चालणारच, त्यामुळे दर महिन्याचे थेंब ठरल्या तारखेलाच, आणि व्हॅक्यूमला सुट्टी नाही. हळूहळू फणी रिकामी यायला लागली, शेपटीजवळ लव उगवली.

चिंगीचं वजन मात्र या दिवसांत वाढलंय. थेंबांचं प्रमाण वजनावर ठरतं, तेव्हा पुढच्या खेपेआधी तिला पुन्हा काट्यावर उभं करायचंय.