हिरवळीतील लव्हाळा : पावसाळ्याअखेरची नोंद

पुण्यातील आमच्या घरापुढच्या हरळीच्या हिरवळीत ठाण मांडून बसलेल्या लव्हाळा या तणाचा जोर या पावसाळ्यात प्रथमच ओसरलेला दिसतो आहे, मात्र तो गेला असे म्हणण्याची वेळ अजून आलेली नाही. कापणीनंतर दोन-तीन दिवसांतच हरळीच्या वर डोके काढणारी त्याची तकतकीत पाने आता मोजक्याच ठिकाणी दिसतात. तो लव्हाळाच आहे का अशी शंका आल्यास फुलाचा दांडा बोटांत फिरवून पाहावा. त्याच्या तीन कडा लगेच जाणवतात.

एक रोप मातीसकट उचलून धुतले, तेव्हा काळपट कंद तारेसारख्या बारीक खोडांनी एकामागोमाग एक ओवलेले दिसले. एक कंद फोडला. आतून तो पांढरा निघाला आणि दिवाळीच्या उटण्याची आठवण व्हावी असा वास आला. अशा माळेतला टोकाचा कंद अंकुरला की बाकीचे पुष्कळदा निद्रिस्त राहतात आणि माळ तुटली की तेही अंकुरतात, त्यामुळे उपटल्यावर तण उलट वाढल्यासारखे वाटते. तरीही उपटणे सोडू नये, असे माझे मत आहे. पाच-सहा पाने येईपर्यंत रोप मुख्यतः जुन्या कंदातील साठ्यावर वाढते आणि पुढे नवे कंद धरू लागते. त्यापूर्वीच ते दर वेळी काढत राहिल्यास साठा आटत जातो. हे काम कंटाळवाणे आहे, पण यंदाचा फरक बहुतांशी त्याचाच आहे.

ग्लायफोसेट हे तणनाशक हरळीलाही मारते, म्हणून त्याचा विचार केला नाही. उसातील लव्हाळ्यासाठी वापरले जाणारे हॅलोसल्फ्युरॉन मिथाईल ७५ टक्के एका कोपऱ्यात बेताने फवारले आणि पानांत औषध भिनावे म्हणून आधी व नंतर दोन दिवस कापणी थांबवली. पहिल्या आठवड्यात काहीच घडत नाही असे वाटले. नंतर शेंडे पिवळे पडले. हरळीला इजा दिसली नाही, मात्र त्या कोपऱ्यात नवे कोंब पुन्हा आले आहेत, कारण निद्रिस्त कंदांपर्यंत औषध फारसे पोहोचत नाही.

लव्हाळ्याला सावली सोसत नाही, म्हणून कापणीची उंची वाढवली असून उघड्या जागी हरळीचे तुकडे लावले आहेत. कुंपणालगतचा पट्टा मात्र हाताबाहेर गेला आहे; तो एप्रिलमध्ये वीतभर खणून, पाणी पूर्ण तोडून, कंद उन्हात वाळवणार आहे.