तुम्ही विचारलंत म्हणून: तिकडे बाराही महिने बर्फच असतो ना?

मावशी फोनवर विचारते, पुण्यातले मित्र विचारतात, अगदी टोरोंटोत राहणारे आपले मराठी लोकसुद्धा विचारतात, की कॅनडाच्या पार उत्तरेतल्या यलोनाइफला वर्षभर बर्फच, मग बघण्यासारखं काय असतं गं तिकडे? दरवेळी अर्धवट उत्तर देऊन फोन ठेवते, आज जरा बैजवार सांगते.

बाराही महिने बर्फ नसतो. आणि इथले ऋतू कॅलेंडर बघून नाही, तळं बघून कळतात. तळं म्हणजे ग्रेट स्लेव्ह लेक, ६१४ मीटर खोल, उत्तर अमेरिकेतलं सगळ्यात खोल. त्याच्या इथल्या उपसागरात हाउसबोटी आहेत आणि लोक त्यात वर्षभर राहतात. उन्हाळ्यात होडीने ये-जा, हिवाळ्यात सरळ चालत. पंचाईत होते ती मधल्या दिवसांत, बर्फ धरताना आणि सुटताना, कारण होडी चालेल इतकं पाणी मोकळं नसतं आणि पाय टाकावा इतका बर्फाचा भरवसा नसतो. मग ही मंडळी कनू (वल्ह्याची हलकी, निमुळती होडी) घेतात, एक पाय कनूत, एक बर्फावर, आणि रेटत रेटत कामाला निघतात, बर्फ मोडलाच तर पटकन आत बसायचं! मी काठावरूनच बघते, आपल्याच्याने नाही होणार.

समोरच्या डेट्टा गावाला हिवाळ्यात बर्फावरून रस्ता असतो, साडेसहा किलोमीटर, त्यावर चक्क गाड्या धावतात. एप्रिलमध्ये तो बंद झाला की त्याच गावाला २७ किलोमीटरचा वळसा.

मला विचाराल तर सगळ्यात भारी मे महिना. ऊन बर्फाच्या स्फटिकांमधल्या सांध्यांत शिरून तिथेच आधी वितळवतं, त्यामुळे वरून जाडजूड दिसणारा थर आतून उभ्या उभ्या कांड्यांचा झालेला असतो. वारा सुटला की त्या कांड्या काठाला येऊन आपटतात आणि काचेच्या बांगड्या किणकिणाव्यात तसा आवाज येतो, तासन्‌तास. ह्या बर्फावर पाय ठेवायचा नाही, कितीही जाड दिसला तरी.

मग उन्हाळा येतो तो नुसता पळतच. जूनमध्ये सूर्य जवळजवळ वीस तास वर, झोपायला खिडकीला जाड पडदे लागतात (आणि डास! डासांबद्दल न बोललेलंच बरं). फायरवीडची गुलाबी फुलं दांड्यावर खालून वर उमलत जातात, शेंड्याला पोचली की इथले लोक म्हणतात, संपला उन्हाळा.

सशांची वेगळीच गंमत. इथला ससा उन्हाळ्यात तपकिरी, हिवाळ्यात पांढरा. पण हा बदल होतो दिवस लहान व्हायला लागले की, बर्फ पडला का नाही याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही, त्यामुळे बर्फाला उशीर झाला की मातकट जमिनीवर पांढराशुभ्र ससा बसलेला असतो आणि त्याला वाटतं आपण कुणाला दिसतच नाही.

आणि हो, यायचंच असेल तर डिसेंबरचं तिकीट काढू नका, तेव्हा दिवसच जेमतेम पाच तासांचा. सप्टेंबरमध्ये या. बर्चची झाडं पिवळीधमक असतात, डास बरेच कमी झालेले असतात आणि रात्री पुन्हा काळोख व्हायला लागल्यामुळे अरोरा, म्हणजे आकाशातला रंगीत प्रकाशाचा खेळ, तोही दिसतो. स्वेटर मात्र दोन आणा.