साका बसू दे

आपल्या शाळेत दहावीच्या वर्गामागे एक लाकडी कपाट होतं. आपली प्रयोगशाळा म्हणजे तेच. त्यात बारा-पंधरा परीक्षानळ्या, एक स्पिरिटचा दिवा आणि खाकी बाटल्यांची एक ओळ. शास्त्राचे सर मोरचुदाचं, म्हणजे कॉपर सल्फेटचं, निळंशार पाणी नळीत घ्यायचे आणि त्यात बेरियम क्लोराइडचे थेंब सोडायचे. निळ्या पाण्यात दुधासारखा ढग उठायचा. नळी हलवायला आमचे हात शिवशिवायचे. सर म्हणायचे, "लेकरा, हात लावू नको. साका बसू दे." दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावं तर वर नितळ निळं पाणी आणि तळाशी पांढरा थर. मग ते त्यात आम्लाचे दोन थेंब टाकायचे. साका विरघळायचा नाही. "हा सल्फेटचा. कार्बोनेटचा असता तर फसफसून गेला असता."

गेली अनेक वर्षं मी खडकांतलं गंधक मोजतो, आणि माझं निम्मं काम त्या नळीतलंच आहे.

खडकांकडे मी वळलो ते किल्लारीच्या भूकंपामुळे. १९९३ ची ती विसर्जनाची रात्र, ३० सप्टेंबरची पहाट. मी आठवीत होतो. त्यानंतर आपल्या भागात लहानथोर सगळ्यांना एकच प्रश्न पडला होता, पायाखाली आहे तरी काय? पुढे शास्त्रज्ञांनी किल्लारीला ६१७ मीटर खोल छिद्र घेतलं. वरचा काळा पाषाण सुमारे ३३८ मीटर निघाला आणि त्याच्या खाली ग्रॅनाइटच्या जातीचा फार जुना खडक लागला. ते वाचलं आणि हेच शिकायचं असं ठरवलं.

गंधक कशाला मोजायचं, असं गावाकडे नेहमी विचारतात. पायराइट नावाचं सोनेरी खनिज असतं, त्यात वजनाने निम्म्याहून जास्त गंधक. हवा-पाणी लागलं की त्यातून गंधकाम्ल सुटतं. पायरोटाइट हे गंधकाचंच दुसरं खनिज तर त्याहून लवकर बिघडतं. कॅनडातल्या त्रुआ-रिव्हिएरच्या परिसरात पायरोटाइट असलेली खडी काँक्रीटला वापरली गेली आणि घरांचे पाये तडकले. असं होऊ नये म्हणून युरोपच्या मानकात खडीतलं एकूण गंधक १ टक्क्याच्या आत लागतं, आणि पायरोटाइट असेल तर ०.१ टक्क्याच्या आत. माणूस आयुष्याची कमाई घालून घर बांधतो. त्या दशांश चिन्हापाशी चुकून चालत नाही.

जुनी पद्धत अशी. खडकाची वस्त्रगाळ पूड एक ग्रॅम, त्यात सोडियम कार्बोनेट आणि थोडा सोरा घालून मुशीत वितळवायची. सगळ्या गंधकाचं सल्फेट होतं. गार झाल्यावर गरम पाण्यात काढायचं, गाळायचं, आम्ल घालायचं, उकळी आणायची आणि उकळत्या पाण्यात बेरियम क्लोराइड थेंबाथेंबाने सोडायचं. मग रात्रभर झाकून ठेवायचं. घाई केली तर कण बारीक राहतात आणि गाळणकागदातून निसटतात. कागदही हळूहळू जाळायचा, नाहीतर त्यातल्या कोळशाने साकाच बिघडतो. राहिलेल्या पांढऱ्या पुडीच्या वजनाला ०.१३७४ ने गुणलं की गंधक मिळतं. खडकात १ टक्का गंधक असेल तर पूड भरते जेमतेम ७३ मिलिग्रॅम.

उमेदवारीच्या काळात माझ्या हातून एक चूक झाली. खडक न घालता, नुसती रसायनं घेऊन कोरी चाचणी केली, तर तिच्यातही पांढरा ढग! दोन दिवस रसायनं बदलत बसलो. दोष शेगडीत होता. घरगुती गॅसला वास यावा म्हणून त्यात जे मर्कॅप्टन मिसळतात त्यात गंधकच असतं. ज्योतीतून ते मुशीतल्या क्षाराने ओढून घेतलं होतं. तेव्हापासून विजेच्या भट्टीशिवाय मूस तापवली नाही आणि कोऱ्या चाचणीशिवाय आकडा लिहिला नाही.

आता यंत्रं आहेत. चिनीमातीच्या मुशीत चिमूटभर पूड, वर टंगस्टनचा चुरा, प्राणवायूचा झोत. मिनिटा-दोन मिनिटांत गंधक वायू होऊन निघतं आणि अवरक्त किरणांनी मोजलं जातं. आपल्या काळ्या पाषाणाला हेच लागतं. लाव्हा वाहताना त्यातलं बरंचसं गंधक हवेत उडून गेलं. दहा लाखांत शंभर भाग उरलं असेल, तर एक ग्रॅम पुडीतून साका पाऊण मिलिग्रॅमसुद्धा निघणार नाही. तरी यंत्राच्या आकड्याबद्दल मन साशंक झालं की मी पुन्हा चंचुपात्र काढतो.

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाला आदल्या दिवशी दुपारीच येतोय. मोरचूद आणि बेरियम क्लोराइड मीच आणेन. बेरियम विषारी असतं, तेव्हा बाटली माझ्याच हातात राहील. दहावीच्या लेकरांना नळ्या भरून दाखवीन, पण त्या रात्रभर तशाच ठेवाव्या लागतील. तेवढी कपाटाची किल्ली शिपाईमामांकडे असू द्या.