ऑटो म्हणजे रिक्षाच ना, बाई?

सातवीला सेमी-इंग्रजीचा विज्ञानाचा तास, तोही जेवणाच्या सुट्टीनंतरचा. पोषणाच्या धड्यावर घेतलेल्या चाचणीचे पेपर वाटत होते. ‘ऑटोट्रॉफिक’ची व्याख्या बहुतेकांनी पाठ करून जशीच्या तशी उतरवली होती. एका मुलाने मात्र स्पेलिंग अचूक लिहून पुढे मराठीत लिहिलं होतं, ‘रिक्षासारख्या वनस्पती’. मी शून्य दिला होता. पेपर हातात देताना सहज विचारलं, “हे कुठून आणलंस?”

“ऑटो म्हणजे रिक्षाच ना, बाई? पप्पांची आहे.”

वर्ग खदखदून हसला. मला हसावंसं वाटेना. बाकीच्यांनी शब्द गोळीसारखा गिळला होता, या एकट्याने तो फोडून बघितला होता. म्हटलं, आजचा नवा धडा राहू दे.

फळ्यावर शब्द लिहिला आणि मधोमध खडूने उभी रेघ मारली. ऑटो म्हणजे ग्रीकमध्ये ‘स्वतः’, ट्रॉफ म्हणजे ‘पोषण’. क्षणभर शांतता, मग खिडकीजवळची मुलगी ओरडली, “बाई, स्वयं-पोषी!” दोन्ही शब्द त्यांना पाठ होते, पण दोन्ही एकच आहेत हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. खरं सांगायचं तर मीही ते कधी दाखवलं नव्हतं. ‘हेटेरोट्रॉफिक’मधला हेटेरो म्हणजे ‘दुसरा’ एवढंच सांगितलं, तर ‘परपोषी’ त्यांनीच जुळवलं. आपल्या पाठ्यपुस्तकातल्या संज्ञांत किती खुबीने बांधलेले शब्द आहेत, आणि आपण ते पोरांना नुसते घोकायला लावतो, याचं मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

मग थर्मामीटर घेतला. ग्रीक ‘थर्मोस’ म्हणजे उष्ण. त्याचा संस्कृत भाऊबंद ‘घर्म’, आणि घर्मावरून आपला घाम. पोरं आपापल्या कपाळाला हात लावून बघायला लागली.

शब्द फोडायचा नाद लागला की पोरं थांबत नाहीत. मागून प्रश्न आला, “मग क्रिकेटची ट्रॉफी म्हणजे जेवणाची वाटी का?” इथे सावध करणं भागच होतं. त्या ट्रॉफीचं मूळ वेगळं, ‘वळणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दातलं. शत्रू जिथून पाठ फिरवून पळाला, तिथे ग्रीक लोक विजयाचं स्मारक उभारत, त्यावरून तो शब्द आला. चेहरा सारखा दिसला म्हणून नातं असतंच असं नाही. मुळांवरून शिकवताना हे दर वेळी सांगायला हवं, नाहीतर पोरं बिनधास्त चुकीचे अर्थ लावतात.

आता राहिली होती रिक्षा. मूळ जपानी शब्द जिनरिकिशा. जिन म्हणजे माणूस, रिकी म्हणजे बळ, शा म्हणजे गाडी. माणसाने ओढायची गाडी. बोलता बोलता ‘जिन’ गळून पडला. पुढे इंजिन आलं आणि रिक्षाच्या पुढे ‘ऑटो’ लागला.

“म्हणजे माणूस गेला तिथे ऑटो बसला,” तो मुलगा म्हणाला. मग जरा थांबून, “पण बाई, रिक्षा स्वतःचं अन्न बनवत नाही. पेट्रोल भरावं लागतं. मग ती परपोषीच की.”

या वेळी कुणी हसलं नाही. धड्यातली मुख्य गोष्ट त्याने अचूक धरली होती. मी पेपर परत मागून घेतला आणि शून्याच्या जागी एक गुण लिहिला.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेआधीच तो वर्गाच्या दारात उभा. “पप्पांनी विचारलंय, पेट्रोल म्हणजे काय?”

“पेट्रा म्हणजे खडक, ओलियम म्हणजे तेल.”

त्याने ते पेनाने तळहातावर लिहून घेतलं आणि मैदानाकडे पळाला.