पिशवी काढलीच आहे, मग तपासता कशाला?

अशा पिशव्या मायक्रोस्कोपखाली तपासणं हे माझं काम, तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. तुम्ही एकटेच नाही. अक्कलकोट, बार्शी, पार इंडीहून पेशंट घेऊन सोलापुरात येणारे बहुतेक नातेवाईक हेच विचारतात. "पित्ताची पिशवी काढली, खडे हातात मिळाले. आता ती तपासायला कशाला टाकायची? सोनोग्राफीत तर काहीच नव्हतं." आणि उत्तर पुरं व्हायच्या आत दुसरा प्रश्न: "रक्ताचा रिपोर्ट संध्याकाळी मिळतो, याला चार दिवस कशाला?"

दुसऱ्याचं उत्तर सोपं, ते आधी उरकतो. कच्च्या मांसाचा पातळ काप निघत नाही. पिशवी आधी फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे मांस कुजू न देता पक्कं करणाऱ्या द्रवात, निदान एक रात्र मुरावी लागते. मग ती उघडून, बघून तुकडे घ्यायचे: पिशवीच्या नळीचं कापलेलं टोक, मान, मधला भाग, बूड. ते तुकडे रात्रभर मशिनमध्ये अल्कोहोल, झायलीन आणि साठेक अंशांच्या वितळलेल्या मेणातून जातात. सकाळी मेणाचे ब्लॉक, त्यांचे तीन-चार मायक्रॉनचे काप, मग रंग. झाले तीन दिवस. काही शंका निघाली तर पुन्हा पहिल्यापासून.

पहिला प्रश्न मात्र इतका सरळ नाही. खड्यांसाठी काढलेल्या पिशव्यांत कॅन्सर निघतो तो शेकड्यात एखाद्या, बऱ्याचदा त्याहूनही कमी. बाकी सगळ्यांत तेच ते: जुनी सूज, जाड झालेला स्नायू, कधी अस्तरावर कोलेस्टेरॉलचे पिवळे ठिपके. म्हणजे तुमचा संशय अगदीच वेडगळ नाही. मीही काही वर्षं म्हणत असे की हा आजार गंगेच्या पट्ट्यातला, आपल्याकडे कमी. नेहमीच्या पिशवीला तीन तुकडे पुरेत. त्यातला पहिला भाग आजही खरा आहे. दुसऱ्याबद्दल खाली लिहितो.

मुद्दा भिंतीचा आहे. आतड्यात अस्तर आणि मुख्य स्नायू यांच्यामध्ये सबम्युकोसाचा थर असतो. पित्ताशयाला तो नाहीच. अस्तर, त्याखाली लॅमिना प्रोप्रियाचा पातळ थर, की लगेच स्नायू. कॅन्सर किती खोल गेला त्यावरून त्याची पायरी ठरते. लॅमिना प्रोप्रियातच असेल तर टी-१-ए. पिशवी निघाली आणि कडा स्वच्छ आहेत, एवढं सहसा पुरतं. स्नायूत शिरला तर टी-१-बी, आणि मग बहुतेक सर्जन दुसऱ्या ऑपरेशनचा सल्ला देतात: यकृताचा लगतचा भाग आणि लसिकाग्रंथी काढायच्या. या दोन निदानांत अंतर मिलिमीटरभरही नसतं. ते मोजायचं तर भिंत जागेवर असावी लागते.

एक नमुना सांगतो. मे महिना, पारा बेचाळीसच्या वर. साठीला आलेल्या बाई, खड्यांचं दुर्बिणीचं ऑपरेशन. पिशवी आली दुसऱ्या दिवशी दुपारी, अरुंद तोंडाच्या बाटलीत, सलाइनमध्ये बुडवलेली, न उघडलेली. सलाइन म्हणजे मिठाचं पाणी. ते काही पक्कं करत नाही. वरून उकाडा, आणि आत कोंडलेलं पित्त अस्तराला खात बसलेलं. खडे मात्र स्वच्छ धुऊन, वेगळ्या बाटलीत कापसावर ठेवून मुलाने आणले होते. ते आम्हाला लागत नव्हते.

बाटली फोडूनच पिशवी काढावी लागली. उघडली तर आतून हिरवट-काळा चिखल, अस्तर बोटाला शेवाळासारखं सुटून येत होतं. भिंत सगळीकडे दोन मिलिमीटर, बुडाशी सहा. एवढा जाडपणा जुन्या सुजेतही असतो, झँथोग्रॅन्युलोमॅटस प्रकारात तर त्याहून जास्त. त्यामुळे नुसत्या जाडीवरून काही ठरत नाही. त्या भागाचे जास्तीचे तुकडे घेतले. एका ब्लॉकमध्ये, जिथे योगायोगाने ऊती टिकली होती, लॅमिना प्रोप्रियात वेड्यावाकड्या ग्रंथी आणि त्यांच्याभोवती नवे तंतू स्पष्ट दिसले. ॲडिनोकार्सिनोमा, म्हणजे ग्रंथींच्या पेशींचा कॅन्सर. तिथपर्यंत वाद नव्हता.

वाद स्नायूत होता. जुन्या सुजेत अस्तर स्नायूत खोल पिशव्यांसारखं घुसतं. त्यांना रोकिटान्स्की-आशॉफ सायनस म्हणतात. ते पृष्ठभागाला जवळपास काटकोनात उतरतात, वरच्या पोकळीशी जोडलेले असतात, कडा गुळगुळीत, कधी आत पित्त. कॅन्सरच्या ग्रंथी पृष्ठभागाला समांतर पसरतात, लहान, टोकदार, भोवती तंतूंची प्रतिक्रिया. वाचायला हे सोपं वाटतं. पण बिघडलेल्या पेशी अशा सायनसच्या आतल्या बाजूने खाली उतरतात तेव्हा ती घुसखोरी धरत नाहीत, जरी त्या पेशी स्नायूच्या पातळीवर दिसल्या तरी. हे ओळखायचं कशावरून? वरच्या अस्तराशी जोड दिसते त्यावरून. इथे वरचं अस्तरच उरलं नव्हतं. स्नायूत ग्रंथींची नुसती भुतं होती, केंद्रकं फिकी, कडा विरलेल्या. खोल काप घेतले, बुडाचा उरलेला सगळा भाग ब्लॉकमध्ये घातला. बावीस ब्लॉक झाले. रिपोर्टमध्ये अखेर लिहिलं गेलं: "किमान टी-१-ए, स्नायूत शिरकाव आहे की नाही, ऊती कुजल्यामुळे सांगता येत नाही."

मुलगा त्या "किमान"वर बोट ठेवून उभा होता. "आईचं परत पोट उघडायचं का नाही, तेवढं सांगा की." ते सांगता येत नव्हतं, आणि पिशवी दुसरी नव्हती.

चूक ऑपरेशन थिएटरची, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. पण आमच्या काउंटरनेही फॉर्म घेतला, पैसे घेतले, बाटलीत काय आहे हे विचारलं नाही. आणखी तीन तास ती तशीच होती.

म्हणून हे पाठ असू द्या, पिशवी तुमच्याच हातात देतात तेव्हा उपयोगी पडेल. तोंड रुंद असलेली बरणी. पिशवी पन्नास ग्रॅम असेल तर पातळ केलेलं फॉर्मॅलिन अर्धा लिटर: बाजारातलं कडक फॉर्मॅलिन पन्नास मिलिलिटर, पाणी साडेचारशे, जमलं तर बफर केलेलं. कडक तसंच ओतलं तर बाहेरून कातडं होतं, आत कच्चं राहतं. पिशवी सर्जनने चकचकीत बाजूने चिरून द्यावी. यकृताला चिकटलेली खडबडीत बाजू चिरली तर नेमकी तपासायची कड बिघडते. नळीच्या टोकाची क्लिप काढू नये. बरणीवर काढल्याची वेळ लिहावी. खडे खुशाल घरी न्या.

पित्तनलिकेबद्दलही (यकृतातलं पित्त आतड्याकडे नेणारी मोठी नळी) विचारता, ते थोडक्यात. तिथून दुर्बिणीतून ब्रश फिरवून मिळतात त्या मूठभर पेशी. तिथला कॅन्सर कठीण तंतूंत पेशी विखरून वाढतो, ब्रशला त्या लागतातच असं नाही. म्हणून "कॅन्सर दिसला नाही" म्हणजे "कॅन्सर नाही" असं वाचू नका. आमच्या रिपोर्टांची भाषा तेवढी स्पष्ट नसते, हे कबूल.

राहिले ते तीन तुकडे. काही देशांत सर्जनने पिशवी उघडून, बोटाने चाचपून, संशय वाटला तरच पाठवावी असा विचार मांडला जातो, आणि खर्चाच्या हिशेबात तो चुकीचा वाटत नाही. पण सपाट डिस्प्लेसिया, म्हणजे कॅन्सरच्या आधीचा पेशींचा बिघाड, बोटाला लागत नाही, डोळ्यालाही नाही. मग प्रत्येक पिशवीचे दहा तुकडे घ्यायचे? शेकड्यात एकीसाठी नव्याण्णव जणांनी पैसे भरायचे? मी पूर्वी नाही म्हणत होतो. आता बूड जाड लागलं तर जास्त घेतो, डिस्प्लेसिया दिसला तर सगळी पिशवी घालतो, आणि बाकीच्यांचे अजूनही तीनच घेतो, नळीच्या टोकाचा वेगळा.