वसतिगृहाची टाकी आणि मे महिना

गळती शोधायला टाकीवर तांबडा रंग फवारला, दहा मिनिटं थांबलो, फडक्याने पुसून घेतला आणि वर, फटीत मुरलेला रंग बाहेर ओढणारं पांढरं डेव्हलपर मारलं. थोड्या वेळाने त्या पांढऱ्यातून तांबड्या रेघा उमटायला लागल्या. आधी एकच, वेल्डच्या कडेने. मग तिला फाटे, फाट्यांना आणखी फाटे, अगदी झाडाच्या मुळ्यांसारखे. माझ्या पोटात कालवलं. टाकी ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसची होती आणि ३१६ मीच लिहून दिलं होतं.

सोलापूरजवळचं मुलांचं वसतिगृह. गच्चीवर पाणी तापवणाऱ्या, ५०० लिटरच्या चार सोलर टाक्या, पाणी बोअरचं, मचूळ. आधीच्या टाक्या ३०४ च्या होत्या, त्या दुसऱ्याच वर्षी गळाल्या. तेव्हा मी पाण्याचा रिपोर्ट मागवला. क्लोराईड लिटरमागे १८० मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याला आपल्या मानकात २५० पर्यंत चालतं, पण गरम टाकीला १८० सुद्धा कमी नाही. म्हणून ३१६. त्यात दोनेक टक्के मॉलिब्डेनम हा धातू असतो, त्यामुळे क्षारांनी पडणारी सुईच्या टोकाएवढी भोकं आटोक्यात राहतात. फॅब्रिकेटरच्या मागे लागून मी प्रत्येक वेल्डची आतली निळी-सोनेरी झाक आम्लाच्या पिकलिंग पेस्टने काढून घेतली. ती झाक असते तिथे खालच्या थरातलं क्रोमियम कमी झालेलं असतं आणि गंज तिथूनच धरतो. आपल्याकडे बाहेरून आरशासारखं पॉलिश करतात आणि आतला जळका वेल्ड तसाच सोडतात, याची मला मनस्वी चीड आहे.

एवढं करूनही टाकी तिसऱ्या उन्हाळ्यानंतर गळाली. आणि आत भोक एकही नव्हतं. तडे होते.

हे दोन निराळे रोग आहेत. तडा जायला क्लोराईड लागतं, धातूत ताण लागतो आणि साधारण ६० अंशांच्या वरची उष्णता लागते. वेल्डचा ताण टाकीत जन्मापासून असतो. पण मुलं तर पहाटेच सगळं गरम पाणी ओढून घेतात, टाकी पुन्हा गार पाण्याने भरते. मग तडकायला हिला इतकी सवड मिळाली कधी?

ते वसतिगृहाच्या मामांनी सांगितलं. सोलरच्या, उन्हाने पाणी तापवणाऱ्या ट्यूबांवरची धूळ पुसता पुसता म्हणाले, "साहेब, मे महिन्यात पोरं गावाला जात्यात. पाणी वापरतंय कोण? दिसभर वरच्या नळीतनं वाफ निघती."

दीड महिना टाकी रोज उकळत होती. वाफ जायची, तेवढं बोअरचं पाणी आत यायचं, क्षार मात्र आतच साठत राहायचे. शेजारच्या शाबूत टाकीतलं पाणी तपासून आणलं, तर क्लोराईड ११०० निघालं. आणि तडे होते ते बरोबर पाण्याच्या रेषेवर, जिथे पाणी उडतं, सुकतं, पुन्हा उडतं. रिपोर्ट ऑगस्टचा होता, पाऊस पडून बोअर भरल्यानंतरचा. मी आकडा वाचला, तारखेकडे पाहिलंच नाही.

तड्यांपुढे मॉलिब्डेनमचा फारसा उपयोग होत नाही. ३०४ आणि ३१६ मध्ये आठ ते बारा टक्के निकेल असतं आणि या रोगाला सगळ्यात लवकर बळी पडतो तो याच पट्ट्यातला स्टेनलेस. ४४४ या स्टेनलेसच्याच दुसऱ्या ग्रेडमध्ये निकेल जवळजवळ नसतंच, म्हणून तो सहसा तडकत नाही. मी तो सुचवला. नमुन्याचा पत्रा घेऊन समितीसमोर गेलो. एका सदस्यांनी खिशातून लोहचुंबक काढून पत्र्याला लावलं. चिकटलं. "हे लोखंड आहे," म्हणाले आणि विषय संपला. ४४४ ला चुंबक चिकटणारच, त्याची घडणच तशी आहे. उलट हलक्या २०२ ला तो चिकटत नाही, आणि तोच पत्रा ३०४ म्हणून लोकांच्या गळ्यात मारला जातो. ही चुंबकाची परीक्षा आपल्याकडे कुणी रुजवली कोण जाणे, तिने चांगल्या मालाचं फार नुकसान केलंय.

शेवटी ग्लासलाइन टाक्या बसवल्या. साध्या पोलादाला आतून काचेचा मुलामा, आठशे अंशांच्या वर भट्टीत भाजलेला. मुलाम्यात कुठे ना कुठे टाचणीएवढी जागा उघडी राहतेच, तिथे पोलादाऐवजी झिजायला आत मॅग्नेशियमचा रॉड असतो. रॉड संपला की पाळी पोलादाची. खारट पाण्यात तो भराभर संपतो, म्हणून दर दिवाळीच्या सुट्टीत उघडून बघायचं ठरवलं. पहिल्या दिवाळीला काढला, तर खालच्या निम्म्या भागात मधली तार उघडी पडली होती. तिथल्या तिथे नवा बसवला.

आणि मे महिन्यात मामा ट्यूबांवर ताडपत्री बांधतात. दोन उन्हाळे झाले, एकदाही चुकले नाहीत.

पण जुन्या ३०४ च्या टाक्या मनातून जात नाहीत. क्षाराने भोकं पडली असतील असं धरून चाललो आणि त्यांच्यावर रंग न मारताच त्या भंगारात जाऊ दिल्या. त्याही तडकल्याच असतील, तर तेव्हा फक्त ताडपत्री पुरली असती.